विजेचा पत्ता आणि विजेची वेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषयाची पूर्ण मोकळीक दिली, वेळेची मात्र अजिबात दिली नाही. वीस मिनिटं म्हणाले, आणि वर बजावलं, "टेक्निकल बोल, पण जेवणाआधी कुणाला झोपवू नकोस." म्हणून असा विषय घेते ज्यावर आपण सगळे दर महिन्याला न चुकता चिडतो. विजेचं बिल. म्हणजे मुंबईची वीज.

आपण चेंबूरची मुलं. शाळेच्या गच्चीवरून ट्रॉम्बेची धुरांडी दिसायची. भूगोलाच्या परीक्षेत 'खोपोली, भिवपुरी, भिरा' ही त्रिमूर्ती जोड्या लावायला हमखास यायची, आणि आपण ती पाठ करून दोन गुण मिळवायचो. ती तिन्ही गावं आणि ती धुरांडी यांचा आपल्या वर्गातल्या पंख्याशी काय संबंध, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नसावं. आज तेच सांगायचं आहे, कारण आपल्या शहरानं एक मोठं वचन दिलेलं आहे आणि ते पुरं होणार की नाही हे त्या संबंधावर ठरणार आहे.

वचन असं. १३ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेनं हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत मुंबईचं उत्सर्जन 'निव्वळ शून्य' करायचं, म्हणजे आपण जेवढा कर्बवायू हवेत सोडू तेवढाच शोषला गेला पाहिजे. देशानं यासाठी २०७० हे वर्ष ठरवलं आहे. मुंबईनं वीस वर्षं आधीचं घेतलं. मधले टप्पेही आहेत: २०३० पर्यंत ३० टक्के कपात, २०४० पर्यंत ४४ टक्के. मोजमाप २०१९ च्या आकड्यांवरून. त्या वर्षी शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होतं, म्हणजे माणशी साधारण १.८ टन.

आता हे उत्सर्जन येतं कुठून? आपण ट्रॅफिकबद्दल बोलतो, देवनारच्या कचऱ्याबद्दल तर चेंबूरकर जन्मभर बोलतात. पण वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के आणि कचऱ्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. उरलेलं सुमारे ७२ टक्के उत्सर्जन घरं, दुकानं, ऑफिसं आणि कारखाने वापरतात त्या ऊर्जेतून येतं, आणि त्यात सगळ्यात मोठा भाग विजेचा. कारण ही वीज मुख्यतः कोळशाची होती. थोडक्यात, आपल्या भिंतीवरचं बटण कोळशाला जोडलेलं राहिलं तर बाकी सगळं करूनही मुंबईचं वचन पुरं होणार नाही. इलेक्ट्रिक बस आणली, इलेक्ट्रिक गाडी घेतली, तरी तिच्या पोटात तीच वीज जाते. भारतात ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्याही शहराच्या विजेबद्दल दोन प्रश्न विचारायला हवेत. ही वीज कुठून येते? आणि किती वाजता येते? पत्ता आणि वेळ. 'हरित', 'स्वच्छ' हे शब्द आता बिलावर, होर्डिंगवर, बसच्या पाठीवर सगळीकडे आहेत. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की त्यांतला खरेपणा कळतो.

आधी पत्ता.

गंमत अशी की मुंबईचा पहिला मोठा वीजपुरवठा स्वच्छ ऊर्जेचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिरणगावातली प्रत्येक गिरणी स्वतःचा बॉयलर चालवायची, कोळसा जाळायची, आणि परळ-लालबागच्या आकाशात धूर असायचा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर कोसळणारं पाणी अडवून, ते कोकणात खाली सोडून वीज करायची आणि ती गिरण्यांना द्यायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ती पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही. ते १९०४ मध्ये गेले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांचं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि खोपोलीत टर्बाइन फिरवतं. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. आपल्या दोन गुणांची त्रिमूर्ती ती हीच. तिन्ही मिळून आजही सुमारे साडेचारशे मेगावॉट क्षमतेची आहेत. आपल्यातले जे कोलाडला राफ्टिंगला गेले असतील, ते ज्या पाण्यावर आरडाओरडा करत तरंगले ते भिऱ्याला वीज तयार करून बाहेर पडलेलं पाणी. म्हणून तर ते राफ्टिंग सकाळी ठरावीक वेळेलाच असतं.

पण या स्वच्छ विजेच्या पत्त्यावर माणसं राहत होती. भिऱ्याला पाणी मिळावं म्हणून मुळशीला धरण बांधायचं ठरलं. त्यात पन्नासच्या आसपास गावं, उत्तम भातखाचरं, देवळं, घरं जाणार होती. मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यानं दिली. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांमध्ये हा जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. लोक तुरुंगात गेले, फटके खाल्ले, आणि धरण झालं. दादर-माटुंग्याचा सेनापती बापट मार्ग आपण आयुष्यभर ट्रॅफिकला शिव्या देत ओलांडतो. ज्या गिरण्यांच्या शेजारून तो जातो त्यांना मुळशीच्या विजेचा लाभ झाला आणि रस्त्याला नाव त्या विजेच्या किमतीविरुद्ध लढणाऱ्या माणसाचं लागलं. मुंबईला वीज देणाऱ्या धरणांच्या काठच्या वाड्यांवर दिवा लागायला मात्र कित्येक दशकं गेली. आणखी एक गोष्ट. हे पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारं. ते घाटाखाली पश्चिमेला वळवलं जातं, आणि दुष्काळ पडला की सोलापूरकडची माणसं अजूनही त्याचा हिशेब विचारतात.

पुढे मुंबईची भूक पाण्यावर भागेना. १९५६ पासून ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं. तो पत्ता आपलाच. तिथला कोळसा बराचसा इंडोनेशियातून समुद्रमार्गे येतो, कमी गंधकाचा म्हणून. माहुल-ट्रॉम्बेची हवा एकट्या वीजकेंद्रानं बिघडवली असं मी म्हणणार नाही. तेलशुद्धीकरण, रसायनं, खतं, टँकरची रांग, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण माहुलच्या प्रकल्पबाधितांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये त्यांना तिथेच राहायला भाग पाडता येणार नाही, दुसरीकडे घर नाहीतर भाडं द्या, असं सांगावं लागलं. हे आपल्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर घडलं आहे.

मग डहाणू. ५०० मेगावॉटचं हे केंद्र १९९५ मध्ये उपनगरांसाठी उभं राहिलं. डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, मच्छीमार आणि वारली पाडे. केंद्र सरकारनं १९९१ मध्येच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला होता. स्थानिक लोक न्यायालयात गेले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथे एक प्राधिकरण नेमलं गेलं, आणि त्याच्या सततच्या पाठपुराव्यानंतर धुरातला गंधक काढणारी यंत्रणा २००७ मध्ये बसली. भारतातल्या फार थोड्या केंद्रांत तेव्हा ती होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांनी धरून ठेवलं म्हणजे काय होतं याचं हे उदाहरण आहे.

आता अलीकडचा पत्ता: जैसलमेर. उपनगरांत वीज पुरवणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीनं राजस्थानातल्या ७०० मेगावॉटच्या सौर आणि पवन मिश्र प्रकल्पातून वीज घ्यायला सुरुवात केली. २०२१ च्या सुमाराला कंपनीच्या विजेत नवीकरणीय वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२३ पर्यंत तीस टक्क्यांवर गेला. २०२७ पर्यंत साठ टक्के हे उद्दिष्ट आहे. दोन वर्षांत तीनाचे तीस, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातली वीज न कळत बदलली. कुणी मोर्चा काढला नाही, कुणाचा फ्रिज बंद पडला नाही.

पण तिथेही कुणीतरी राहतं. जैसलमेरचं वाळवंट नकाशावर रिकामं दिसतं. तिथे माळढोक पक्ष्याचं देशातलं शेवटचं मोठं घर आहे. हा तोच पक्षी ज्याच्यासाठी आपल्या सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य आहे आणि जो आपल्याकडून जवळजवळ गेलाच. वीजवाहिन्यांवर आपटून माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये त्या भागातल्या वाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तिथे 'ओरण' नावाच्या राखीव गावजमिनी आहेत. आपल्याकडच्या देवराईसारख्या. त्या वाचवायला तिथले पशुपालक पायी यात्रा काढताहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या मावळ्यांचीच भाषा ते बोलताहेत.

याचा अर्थ सौरऊर्जा वाईट आणि कोळसा बरा, असा कृपा करून काढू नका. कोळशाचा धूर ट्रॉम्बेत थांबत नाही. त्याची उष्णता सगळ्या जगाला पोचते, आणि समुद्राची पातळी वाढली तर पहिलं पाणी मुंबईच्याच पायाला लागणार आहे. अर्थ एवढाच की स्वच्छ विजेलाही पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावरच्या माणसांना आधी विचारणं, त्यांना वाटा देणं, हा त्या स्वच्छतेचाच भाग धरला पाहिजे. मुळशीच्या वेळी ते झालं नाही. या वेळी व्हायला हवं.

आता वेळ. हा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा विषय, कारण सॉफ्टवेअरवाल्यांचं निम्मं आयुष्य कुठलं काम कधी चालवायचं हे ठरवण्यात जातं.

वीज ही भाजीसारखी सकाळी आणून संध्याकाळपर्यंत ठेवता येत नाही. ज्या क्षणी हवी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. पंखा लावला की कुठेतरी एखाद्या जनित्रावर तेवढा भार वाढतो. उन्हाळ्यात मुंबईची मागणी आता चार हजार मेगावॉटच्या पुढे जाते. ही कमाल मागणी बहुधा दुपारी येते, ऑफिसांचे एसी पूर्ण जोरात असताना. ही सूर्याच्या सोयीची वेळ आहे, आणि त्या बाबतीत मुंबई नशीबवान आहे. अडचण पुढे होते. सूर्य सातला मावळतो, पण मुंबई सातला झोपत नाही. लोक घरी येतात, लिफ्ट, पंप, टीव्ही, ओव्हन चालू होतात, आणि मे महिन्यात रात्री अकरालाही घराघरांत एसी गुरगुरत असतात. पूर्वी बेडरूममध्ये एक असायचा, आता प्रत्येक खोलीत आहे. त्या वेळी सौर पॅनेल झोपलेली असतात. मग ट्रॉम्बे आणि डहाणू जागे राहतात.

ही दोन्ही केंद्रं थांबवण्याची चर्चा बरीच झाली. प्रत्यक्षात मागणी वाढत गेली, स्वच्छ विजेचं जाळं त्या वेगानं आलं नाही, आणि कोळशाच्या संचांना मुदतवाढ मिळत गेली. यामागे लबाडीच आहे असं समजायचं कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते ना? दहाच्या सुमाराला अख्खी मुंबई बंद पडली. कोविडचे दिवस, लोकल जागच्या जागी उभ्या, रुग्णालयं जनरेटरवर. बाहेरून वीज आणणाऱ्या मोजक्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर भार आला आणि त्याही गेल्या. मुंबईला अशा वेळी बाहेरच्या ग्रिडपासून तोडून 'बेट' करायची जुनी व्यवस्था आहे. त्या दिवशी बेट झालं, पण टिकलं नाही, कारण बेटावर स्वतःची पुरेशी वीज तयार होत नव्हती. म्हणून शहराच्या आत एखादं केंद्र चालू ठेवा, असं अभियंते म्हणतात तेव्हा त्यांचं ऐकावं लागतं.

म्हणजे ट्रॉम्बेच्या धुरांड्यांना निरोप द्यायचा असेल तर दोन गोष्टी आधी कराव्या लागतील. बाहेरून वीज आणायला जास्त रस्ते, आणि दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची सोय.

रस्त्यांचं काम उशिरा का होईना, सुरू झालं. खारघर ते विक्रोळी ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. इतक्या उच्च दाबाचं उपकेंद्र मुंबईत त्याआधी नव्हतं. कुडूस ते आरे ही दुसरी, हजार मेगावॉटची वाहिनी. तिच्या वाटेत खाडी आहे, खारफुटी आहे, आणि खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पुन्हा पत्त्याचा प्रश्न.

साठवणुकीत मात्र आपली त्रिमूर्ती परत येते, आणि इथे मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट दिसते. भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॉटचा एक उलटा-सुलटा चालणारा संच बसवला. जास्तीची वीज असते तेव्हा तो खालचं पाणी वर चढवतो, आणि वीज हवी असते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज देतो. चार युनिटं घातली तर साधारण तीन परत मिळतात, पण हव्या त्या वेळी मिळतात. दुपारची जैसलमेरची वीज सह्याद्रीवर पाणी बनून चढेल आणि रात्री दहाला चेंबूरच्या एसीत उतरेल. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांचा करार झाला. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांच्या धुरावर शोधलेलं उत्तर आता ट्रॉम्बेच्या धुरावर कामी येऊ शकतं. पण जागा तीच मावळची आहे. १९२१ चा धडा आपण शिकलो की नाही, याची परीक्षा तिथेच होईल.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. ऐरोली, महापे, पवई. तुम्ही पाठवलेला प्रत्येक सुप्रभात, लग्नाचा प्रत्येक व्हिडिओ आणि आमच्या कंपन्यांचा सगळा कारभार अशा खोल्यांमध्ये राहतो, आणि त्या खोल्या दिवसरात्र वीज पितात, थंड ठेवायला आणखी पितात. मुंबईची मागणी वाढण्यात आमचा वाटा वाढत जाणार आहे. पण आमच्या कामाचा एक गुण असा की त्यातलं बरंचसं थांबू शकतं. तुमचं पेमेंट या क्षणी व्हायला हवं, हे खरं. रात्रीचे अहवाल, बॅकअप, मोठी गणितं, मॉडेलांचं प्रशिक्षण ही कामं मात्र रात्री दोनला करण्याऐवजी दुपारी बाराला केली तर कुणाचं काही बिघडत नाही. रात्री करायची सवय अशासाठी लागली की तेव्हा संगणक मोकळे असायचे. आता सूर्य मोकळा असतो तेव्हा करायला हवीत. आमच्यासारख्यांना हा बदल काही ओळींचा आहे. तो मागायला मात्र कुणीतरी हवं. ग्राहकांनी, सरकारनं, आणि आम्ही आतून.

तुमच्या घरातही हेच तत्त्व चालतं. २०२३ मध्ये केंद्राच्या नियमांत बदल झाला. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर असेल त्यांना सूर्याच्या तासांत वीज निदान वीस टक्के स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग, असं धोरण ठरलं. स्मार्ट मीटरवर आपल्या ग्रुपवर झालेली भांडणं मी वाचली आहेत, आणि बिलाबद्दलच्या शंका विचारल्याच पाहिजेत. पण तासाचा हिशेब ठेवणारा मीटर नसेल तर दुपारी वॉशिंग मशीन लावणाऱ्या आजींना तिच्या शहाणपणाचा मोबदला कधीच मिळणार नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप तर सगळ्यात सोपा. गच्चीवरची टाकी ही तुमची छोटीशी भिवपुरी आहे. रात्रीऐवजी दुपारी भरा.

गच्चीचंही गणित सांगते. एक किलोवॉट सौर पॅनेलना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि मुंबईत महिन्याला सरासरी शंभर ते एकशेवीस युनिटं मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वीस किलोवॉट बसवले तर ३ लाख ६० हजार. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल बरंचसं त्यातून निघतं. ज्यांना गच्चीच नाही त्यांच्यासाठी २०२१ पासून वीज कंपनीकडून पूर्ण हरित वीज मागायची सोय आहे. सुरुवातीला त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा दर होता.

एक मात्र प्रांजळपणे सांगायला हवं. मुंबईच्या सगळ्या गच्च्या भरल्या तरी मुंबई स्वतःच्या छपरावर जगू शकणार नाही. शहराचा मोठा भाग झोपडपट्टीत राहतो, उरलेल्यांच्या टॉवरला सहाशे माणसांमागे एक गच्ची असते. आपली वीज नेहमीच दुसऱ्याच्या गावाहून येणार आहे. आपल्यातले जे लग्नानंतर बदलापूरला, नाशिककडे, कोकणात गेले, त्यांना २००५ नंतरची वर्षं आठवत असतील. तिथे रोज तासन् तास भारनियमन, परीक्षेच्या दिवसांत मुलं मेणबत्तीवर, आणि मुंबईत दिवाळीसारखा लखलखाट. ते ऋण आपल्यावर आहे. म्हणून गच्चीवर जेवढं होईल तेवढं करणं हे तरी आपल्या हातात आहे.

शेवटची गोष्ट शाळेची. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर सूचना मागवल्या आहेत. माझी सूचना: शाळेच्या गच्चीवर दहा किलोवॉटचं सौर संयंत्र. आजच्या भावानं पाच-सहा लाखांत होईल. घरगुती अनुदान शाळांना लागू नाही, म्हणून माजी विद्यार्थ्यांनीच करायचं काम आहे. शाळा सूर्याच्या वेळेतच भरते. पंखे, संगणक कक्ष, प्रयोगशाळा सगळं दिवसा चालतं. मे महिन्याच्या सुट्टीतली वीज ग्रिडला जाईल आणि नेट मीटरिंगनं पुढच्या बिलांत वळती होईल. वर्षाला नऊ टनांच्या आसपास कर्बवायू वाचेल. माणशी १.८ टन धरले तर पाच मुंबईकरांचं वर्षाचं उत्सर्जन. दोन कोटी टनांपुढे हे काहीच नाही, हे मला ठाऊक आहे.

पण जिन्याच्या पहिल्या मजल्यावर, जिथे आपला फळा असायचा, तिथे एक मोठा आकडा दिसायला हवा: या क्षणी गच्चीवर किती वीज होते आहे. ढग आला की तो उतरताना मुलांना दिसेल. बाराला चढेल, पाचला पडेल. सहावीतला एखादा मुलगा विचारेल, "बाई, मग संध्याकाळी आपल्याला वीज कोण देतं?" भूगोलाच्या बाई त्याला नकाशापाशी नेऊन खोपोली, भिवपुरी, भिरा, ट्रॉम्बे, डहाणू, जैसलमेर दाखवतील, आणि या वेळी तिथे राहणाऱ्या माणसांबद्दलही सांगतील. ती मुलं २०५० मध्ये आपल्याएवढी होतील. वचन पाळलं गेलं की नाही याचा हिशेब त्यांच्याकडेच असणार आहे.

ज्यांना आपल्या सोसायटीचं गणित मांडून हवं असेल त्यांनी बारा महिन्यांची बिलं मला पाठवा. फी म्हणून शाळेच्या निधीत भर घाला. वीस मिनिटं संपली, आणि शेवटच्या रांगेतले अजून जागे दिसताहेत.